काचेच्या पल्याड बघणारा स्कॅनर

नवा स्कॅनर पाटीसारखा पातळ होता. लेकीने तो एका हाताने उचलून टेबलावर ठेवला, एकच वायर कॉम्प्युटरला जोडली आणि म्हणाली, "झालं! याला वेगळा प्लगसुद्धा लागत नाही, आई." आक्कांनी कौतुकाने मान डोलावली. पण पहिली नक्कल पडद्यावर उमटली आणि दोघींचं कौतुक जागच्या जागी विरलं. कुणीतरी बाई खुर्चीत बसली आहे, एवढं कळत होतं. तिला चेहरा मात्र नव्हता. वाफ धरलेल्या आरशात दिसावा तसा नुसता एक फिकट गोल.

ती बाई म्हणजे आक्कांची आई.

आक्का आता सत्तरीला टेकल्या होत्या. उभा जन्म त्यांनी ग्रंथालयात फाटकी पुस्तकं बांधली; हजारो अनोळखी पानांना त्यांचा हात लागला. आईचा हात मात्र त्यांना कधी लागला नाही. पहिलंच बाळंतपण, आणि बाळाचा टाहो कानी पडायच्या आत आई गेली. मागे उरला तो एवढा एकच फोटो. पोस्टकार्डाच्या मापाचा, त्यात चेहरा करंगळीच्या नखाएवढा. चार महिन्यांपूर्वी भिंतीतला पाइप फुटला, ओल चौकटीत शिरली, आणि फोटो पुढच्या काचेला असा काही चिकटला की काच कुठे संपते आणि आई कुठे सुरू होते हे सांगता येईना. वर बुरशीचा पांढुरका डाग. खालच्या कोपऱ्यातून निघालेला तो डाग या आठवड्यात खांद्याशी पोचला होता.

फोटोवाल्याने आडपडदा ठेवला नव्हता. "पाण्यात भिजवून सोडवून बघतो. सुटला तर तुमचं नशीब. नाहीतर चेहरा काचेला आणि कोरा कागद माझ्या हातात. आधी नीट नक्कल काढून ठेवा, मग या."

मोबाइलने काढून झालं होतं. काच चकाकली आणि त्यात आजीच्या तोंडावर नातीचं प्रतिबिंब आणि मागे खिडकीचे गज आले. म्हणून तर हा स्कॅनर आणला, आणि याने ही तऱ्हा केली.

"मशीनच खराब निघालं," लेक वैतागून म्हणाली. "परत करते."

"थांब गं. आधी पेचकसला बोलावू."

पेचकस म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेला, साठी उलटलेला दुरुस्तीवाला. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. तो आला, चौकटीतून काढलेली फोटोची काच त्याने उजेडात धरली, तिची जाडी नखाने चाचपली आणि हसला. मग एक फूटपट्टी मागून घेतली. तिचं एक टोक स्कॅनरच्या काचेवर टेकवलं, दुसरं टोक खोडरबरावर उचलून ठेवलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर फूटपट्टी आली. टेकलेल्या टोकाचे आकडे कोरून काढल्यासारखे स्वच्छ. जरा पुढे गेलं की आकडे पुसट, आणखी पुढे नुसता धूर.

"बघितलंत? मशीन चांगलंय. पण याचा डोळा थेट काचेखाली चिकटलेला असतो. जे अंगाला लागेल तेच याला दिसतं. तुमचा फोटो जाड काचेच्या मागे बसलाय, आक्का. तेवढं अंतरसुद्धा याला लांब."

"मग जुन्यांना दिसायचं?"

"जुन्यांच्या पोटात आरसे असायचे, भिंग असायचं, मोठा दिवा असायचा. म्हणून तर ते एवढे जाडजूड. काचेपासून बोटभर उंच ठेवलेलं पण ते बघायचे. मग लोकांना पातळ वस्तू हव्या झाल्या. कंपन्यांनी पोट कापलं, त्याबरोबर नजरही गेली."

आक्का खुर्चीतून उठल्याच. "अगं, आपला जुना स्कॅनर, तो धोंडा, कुठाय?"

माळ्यावर होता. लेकीने आणि पेचकसने मिळून तो खाली उतरवला तेव्हा दोघांनाही धाप लागली. धूळ पुसली. स्वतःचा वेगळा प्लग, स्वतःची जाड वायर, सगळा जुन्या मानकऱ्याचा थाट. वायर जोडली, आणि कॉम्प्युटरने सरळ हात वर केले: 'अनोळखी उपकरण.'

लेकीने कंपनीचं पान उघडलं. या मॉडेलचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला या स्कॅनरची भाषा शिकवणारा प्रोग्रॅम, तीन पिढ्यांपूर्वीच्या कॉम्प्युटरपर्यंतच होता. खाली एक ओळ: या उत्पादनासाठी मदत बंद करण्यात आली आहे.

"म्हणजे हा धडधाकट आहे, तो कॉम्प्युटर धडधाकट आहे, आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत," आक्का म्हणाल्या. "आमच्या ग्रंथालयात दोन साहेब होते असे."

"त्यांच्यात कोण बोलणं करायचं?" पेचकसने विचारलं.

"शिपाई."

"मग इथेही एक शिपाई आहे," पेचकस म्हणाला आणि लेकीला बाजूला सारून कीबोर्डशी बसला. "कुठला, कोण, मला ठाऊक नाही. कुणीतरी माणूस आहे. कंपनीने सोडून दिलेले स्कॅनर एकेक करून घेतो, वायरीतून काय जातं-येतं ते ऐकत बसतो, आणि त्यांची भाषा शिकून प्रोग्रॅम लिहितो. फुकट देतो. दर दोन-चार महिन्यांनी नवी आवृत्ती. चौदा वर्षं चाललंय."

"चौदा वर्षं! त्याला मिळतं काय त्यातून?"

"विचारा की त्याला. मला तर पत्ताही माहीत नाही."

यादी लांबलचक होती. शेकडो मॉडेलं, जगाने माळ्यावर टाकलेली. पेचकसचं बोट पडद्यावरून उतरत गेलं आणि एका ओळीवर थांबलं. त्यांच्या धोंड्याचा आकडा! शेजारी लिहिलं होतं: 'चालतो. पुढची बटणं चालत नाहीत.'

आक्कांनी पडद्याकडे बघत दोन्ही हात जोडले. लेक हसली नाही. कुणा परक्या घरात, कुणा परक्या दुपारी, एका माणसाने हे बसून लिहिलं होतं. आक्कांच्या आईची त्याला कल्पना नव्हती. तरी तिच्यासाठीच लिहिल्यासारखं ते इथवर येऊन पोचलं होतं. देव माणसाच्या हाताने काम करवतो म्हणतात. त्याला हा कुठला हात सापडला असेल!

प्रोग्रॅम बसला. स्कॅनरचं नाव पडद्यावर आलं. पेचकसने बटण दाबलं आणि धोंड्याच्या पोटातून असा कर्रकर्र आवाज निघाला की आक्कांनी कानावर हात ठेवले.

"बंद करा, बंद करा! मोडला!"

पेचकसने झटकन प्लग काढला. डाग खांद्यावर होता, आणि घरातला एकुलता एक बघू शकणारा डोळा बहुतेक आत्ताच गेला होता. लेक नको म्हणत असताना पेचकसने स्कॅनर तिरपा केला, बुडाखाली डोकावला, आणि मोठ्यांदा हसत सुटला.

"कुणी ठेवला होता हा माळ्यावर?"

"मी," आक्का म्हणाल्या. "पुस्तिकेत लिहिलं होतं तसं सगळं करून. खालचं कुलूपसुद्धा लावून..." आणि जीभ चावली.

"लावलंत ते बरंच केलंत. आरसे हलू नयेत म्हणून असतं ते. पण उघडायचं कुणी? नव्यांना कुलूपच नसतं. तुमच्या लेकीला कळणार तरी कसं!"

त्याने खालची खुंटी सरकवली. टक्. पुन्हा प्लग, पुन्हा बटण.

या खेपेला आधी दिवा लागला. नव्यासारखा लखकन नाही. पहाट व्हावी तसा हळूहळू, पांढरा, उबदार. फोटोची काच पालथी ठेवलेली, वर झाकण. मग आत काहीतरी सरकू लागलं. सगळ्यात बारीक दर्जा लावला होता, त्यामुळे दिवा मुंगीच्या पावलांनी चालला. पडद्यावर वरून एक पट्टी उमटली. भिंत. आणखी थोडी भिंत. मग केसांचा काठ.

केसांमागून कपाळ आलं. कपाळावर एक आठी होती, कुणी कधी न पाहिलेली. मग भुवया, उजवी डावीपेक्षा किंचित वर. लेकीने नकळत आपल्या उजव्या भुवईला हात लावला. मग डोळे आले. आक्का पुढे झुकल्या. डोळे मिटलेले नव्हते, घाबरलेले नव्हते. आयुष्यभर ज्यांना त्या दोन काळे ठिपके समजत होत्या ते चक्क हसू दाबणारे डोळे होते. फोटो काढणाऱ्याने स्थिर बसायला सांगावं आणि तेवढ्यासाठीच हसू फुटावं, तसे.

"अगं बाई," आक्का एवढंच म्हणाल्या.

ओठ आले, हनुवटी आली. खांद्यावरचा डागही आला, पण पडद्यावर चेहऱ्यापासून चार बोटं दूर थांबलेला. खाली शाल, खुर्चीची सावली, गडद काळोख. दिवा शेवटाला पोचून परत फिरला.

"काळोखातही काहीतरी आहे," पेचकस म्हणाला. "जुने डोळे सावलीतलं बरंच उचलतात." त्याने उजेडाची पट्टी सरकवली. काळोख फिका होत गेला. शालीच्या आतून एक हात वर आला. मांडीवर नव्हता तो. गोल, भरल्या पोटावर पसरून ठेवलेला होता. बोटं जराशी फाकलेली, आत कुणी हललं की कळावं अशी.

वडील नेहमी सांगत की फोटो लग्नानंतर लगेचचा. त्यांची आठवण चुकली असेल, किंवा त्यांना ते बोलवत नसेल.

लेकीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "आई... हे पहिलंच बाळंतपण ना?"

"पहिलं आणि शेवटचं," आक्का म्हणाल्या. पडद्यावरच्या त्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला. "म्हणजे मी होते तिथे. आमच्या दोघींचा फोटो आहे हा."

पेचकसने उगाचच चष्मा पुसला. लेकीने नक्कल तीन ठिकाणी जपून ठेवली आणि सांगितलं, "आता उद्या फोटोवाल्याकडे देऊ. सुटला तर सुटला. आपली आजी आता कुठे जात नाही."

आक्कांनी मान हलवली. मग स्कॅनरकडे वळून म्हणाल्या, "अरे पेचकस, आणखी एकदा लावतोस?"

"कशाला, आक्का? फाइल आहे की. उघडली की समोर."

"समोर आहे ते कळलं रे. मला तिला येताना बघायचंय."

त्याने बटण दाबलं. दिवा उजळला, आणि वरून, भिंतीच्या पहिल्या रेघेपासून, ती पुन्हा यायला लागली.