सशापासून गाजरापर्यंत नऊ फाटे

मित्रांनो, मी पाट आहे, जुना आहे, पण माझ्यावर बसून आजवर कोणी जेवलेलं नाही. माझ्या अंगावर भुलभुलैया कोरलेला आहे. एका कोपऱ्यात ससा, समोरच्या कोपऱ्यात गाजर आणि मध्ये खोल खाचांच्या वाटा. सशावर बोट ठेवायचं आणि खाचेतून सरकवत गाजरापर्यंत न्यायचं, एवढाच खेळ. वाटेत नऊ फाटे आहेत. प्रत्येक फाट्यावर एक वाट खरी, दुसरी पुढे बंद.

इंदूरच्या एका मराठी बालवाडीसाठी लक्ष्मण सुतारांनी मला सागवानातून घडवलं. पोरांना कुसळ लागू नये म्हणून त्यांनी प्रत्येक खाचेतून आधी स्वतःचं बोट फिरवून पाहिलं. पुढे वीस वर्षं मुलांची बोटं फिरली, आणि बोटावरून माणूस ओळखायला मी तिथेच शिकलो. बंद वाटेत अडकला की खाच ओलांडून सरळ गाजरावर उडी मारणारा एक मुलगा होता. तो आता नक्की कुठेतरी साहेब असणार. एक मुलगी प्रत्येक फाट्यावर थांबून आधी नुसतं बघायची. थांबणाऱ्या बोटांवर माझा भरवसा जास्त.

मग मुलं कमी होत गेली, बालवाडी बंद पडली, आणि मी कपाटामागे पडून राहिलो. वाळवीने गाजराची पानं खाल्ली. बालवाडीचं सामान विकायला काढलं तेव्हा डॉक्टर अस्मिता यांनी मला उचललं आणि पलासियाच्या आपल्या दवाखान्यात आणलं. तिथे येणाऱ्यांची आठवण विरत चाललेली असते. ती किती विरली, हे बघायला इतर प्रश्नांबरोबर डॉक्टर मलाही पुढे करतात. सशाला गाजराकडे न्या म्हटलं की भल्याभल्या निवृत्त अधिकाऱ्यांचे चेहरे पडतात.

श्रीपादराव आले तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. रेल्वेत बुकिंग क्लार्क होते, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. सोबत बायको मनोरमाबाई आणि मुलगा मानस. मानसचे इथेच पलासियाला कोचिंग क्लास आहेत, शंभर टक्के निकालवाले.

त्या दिवशी श्रीपादरावांचं बोट तिसऱ्या फाट्यावर गेलं आणि परत आलं. पुन्हा गेलं, पुन्हा परत आलं. मग ते डॉक्टरांना म्हणाले, "याचा ससा खराब आहे."

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, सध्या स्कूटर नको. एकट्याने बाहेर जाणंही नको. पंधरा दिवसांनी परत बघू."

"मी या शहरात पन्नास वर्षं गाडी चालवतोय, मॅडम," श्रीपादराव म्हणाले. आवाज चढला नव्हता.

पुढचं मला मानसच्याच तोंडून नंतर कळलं. निघताना त्याने मोबाइलवर माझा फोटो काढला होता. घरी त्याच्या प्रती छापल्या, खाली उत्तर लिहिलं: डावी, डावी, उजवी, डावी, उजवी, उजवी, उजवी, डावी, उजवी. रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर तीस वेळा सराव. "टेन्शन मत लो बाबा, पेपर फुटलेला आहे आपला," असं तो म्हणायचा. त्यात वाईट हेतू नव्हता. परीक्षा आली की तयारी करून घ्यायची, एवढंच त्याला येत होतं.

पंधरा दिवसांनी श्रीपादरावांचं बोट अकरा सेकंदांत गाजरावर पोचलं. एकाही फाट्यावर ते थांबलं नाही. शोधणारं बोट असं धावत नाही, मित्रांनो.

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "घरी सराव केला का?"

"नाही मॅडम. बाबांची मेमरी पहिल्यापासून शार्प आहे."

"अहो, परवा आपल्याच गल्लीत हे..." मनोरमाबाई बोलू लागल्या.

"आई, तू थांब ना जरा. मॅडम विचारतायत त्याचंच बोल," मानस म्हणाला. मनोरमाबाईंनी पदर नीट केला आणि त्या गप्प बसल्या.

डॉक्टरांनी स्कूटरला परवानगी दिली. चूक त्यांचीही होती. तपासायला दुसरा पाट त्यांच्याकडे नव्हता, आणि मनोरमाबाईंचं अर्धं वाक्य त्यांनी पुरं करून घेतलं नाही.

नोव्हेंबर होता. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला श्रीपादराव सकाळी दहाला विजय नगरच्या घरातून स्कूटरवर निघाले. बँक पलासियाला, वाट सरळ. ते बँकेत पोचलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी हातोदच्या अलीकडे एका शेताच्या कडेला सापडले. स्कूटर पेट्रोल संपून चार किलोमीटर मागे उभी होती. दोन रात्रींच्या थंडीने त्यांचा जीव घेतला. शर्टाच्या खिशात माझ्या फोटोची घडी होती. पहिल्या पाच वळणांवर पेनाने खुणा केलेल्या होत्या. चौक आला की ते कागद बघत असणार, आणि सांगितल्याप्रमाणे वळत असणार.

तेराव्यानंतर मानस तो कागद घेऊन दवाखान्यात आला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "मी त्यांना पास केलं, मॅडम." आता डॉक्टर मला कधी उलटा ठेवतात, कधी आडवा, आणि सोबत आलेल्या माणसाशी वेगळ्या खोलीत बोलतात.

गेल्या आठवड्यात मानस आईला घेऊन आला. मनोरमाबाईंचं बोट दुसऱ्याच फाट्यावर अडलं. मानसचा हात टेबलावरून पुढे आला, मग त्याने तो मांडीखाली दाबून धरला.

"मला नाही येत रे," मनोरमाबाई म्हणाल्या.

"बरं आई," मानस म्हणाला. मग डॉक्टरांकडे वळला. "महिनाभरापासून चालू आहे, मॅडम. गॅस चालू राहतो. मला रजत म्हणून हाक मारते, तो मामा होता माझा."

डॉक्टर लिहून घेत होत्या.

मित्रांनो, श्रीपादरावांचं बोट अंगावरून धावलं, तेव्हा मला सगळं कळलं होतं. पण मी लाकूड आहे. तुमच्या घरी एखादं माणूस ओळखीच्या रस्त्यावर अडखळताना दिसलं, तर ते झाकू नका. मोठी माणसं तुम्हाला गप्प बसवतील. तरीही वाक्य पुरं करा.