विमानाएवढा वेळ

पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तशी देओलिंदा भानावर आली. दुपारपासून घर गप्प होतं. बटाटे आणि कोबी उकळत होते, भिजवलेला खारा मासा चाळणीत निथळत होता. नाताळची आदली संध्याकाळ. टेबलावर तीन ताटं होती: तिचं, सहा वर्षांच्या लेकीचं, बेनेदिताचं, आणि रिवाजाप्रमाणे घरातून देवाघरी गेलेल्या माणसाचं.

नवरा, आदेलिनो, लक्झेंबर्गहून येणार होता. तरी चौथं ताट तिनं मुद्दामच काढलं नव्हतं.

ऑक्टोबरात सासूबाई याच खोलीत दाराकडे डोळे लावून पडल्या होत्या. तिनं फोन केला, तर आदेलिनो म्हणाला होता, "अगं, इतक्या लांबून कसा येऊ? आठवड्यात इमारत ताब्यात द्यायचीय."

लांबून! तिकडून इथं पोर्तोला विमान अडीच तासांत येतं. ती बुटांच्या कारखान्यात मशीनवर बसली की जेवणाची सुट्टी व्हायलाही याहून जास्त वेळ लागतो. तीन दिवस म्हातारी वाट बघत राहिली, आणि गेली. पुरायलाही तो आला नाही. तेव्हापासून देओलिंदानं आपला राग माशासारखा मिठात घालून ठेवला होता.

दार उघडलं. आदेलिनो बॅग टाकून हात चोळत आत आला.

"मरणाची थंडी! वा, माझं ताट मांडूनसुद्धा ठेवलंस?" त्यानं खुर्ची ओढली आणि बसला.

"ऊठ. ते आईंचं आहे."

चटका बसावा तसा तो उठला. दर नाताळला हे रिकामं ताट बघत तो लहानाचा मोठा झाला होता. तरी आज त्याला ते आपलंच वाटलं होतं.

"मग माझं?"

"मिळेल. अडीच तासांनी." चुलीजवळचं बुटकं स्टूल उचलून तिनं दाराबाहेरच्या पायरीवर नेऊन ठेवलं. "इथं बस, दाराकडे बघत. आईंनी तीन दिवस बघितलं. तुला तेवढं नाही सांगत मी. फक्त विमानाएवढं."

"डोकं फिरलंय तुझं? एवढ्या लांबून आलोय मी!"

"लांबून? सप्टेंबरात मॅच बघायला शनिवारी आलास, रविवारी परत गेलास. तेव्हा कुठं होतं रे लक्झेंबर्ग, पलीकडच्या गल्लीत?"

त्याची नजर पुन्हा त्या ताटावर गेली. कोटाची कॉलर वर करून तो बाहेर जाऊन बसला. तिनं कडी लावली.

थोड्या वेळानं शेजारच्या झेफेरिनोकाकांचा आवाज आला. "काय रे, बायकोनं हाकललं वाटतं?"

"हवा खातोय, काका."

"डिसेंबरात? खा बाबा, पोट भरून खा!"

देओलिंदाला हसू आलं. माशाचे काटे काढताना तिचे हात कधी नव्हे इतके हलके चालत होते. गारठू दे. कळू दे, दार बंद असलं की अडीच तास केवढे होतात.

बेनेदिता काचेला नाक लावून उभी होती.

"आई, बाबा रडतोय."

"रडू दे."

काचेवर पोरीच्या श्वासाचं धुकं आलं, ते तिनं बोटानं पुसलं.

"आजी सारखी विचारायची, तेव्हा तू तिला सांगायचीस ना, आदेलिनो विमानात बसलाय, आता पोचेलच म्हणून?"

"हो."

"आई, मग ते विमान कुठं उतरलं?"