कानसेनांचा रसास्वाद

चष्म्यांच्या दुकानाच्या मालकांना सगळे कानसेन म्हणत, तोंडावर आदराने आणि पाठ वळली की हसून. डोळे तपासायला आलेल्या माणसाला आधी हल्लीच्या गाण्यांचा दर्जा कसा रसातळाला गेलाय ते ऐकावं लागे, नंबर त्यानंतर. रेडिओवर कुणी गायला लागलं की दुसऱ्या ओळीला ते बटण पिळत आणि म्हणत, "गातोय कसला, भांडी आदळतोय!"

एका दुपारी काच पुसताना कोपर लागून रेडिओचा काटा सरकला. खरखरीतून व्हायोलिन वर आलं आणि पाठोपाठ एका बाईचा खर्जातला, दाणेदार आवाज. गाणं संपलं, दोन श्वासांएवढी शांतता, की पुढचं. ना जाहिरात, ना बडबड. समोरचा म्हातारा डोळ्यांत औषध घालून ताटकळला होता. तो "अहो…" म्हणाला, तर कानसेनांनी त्याला बोट दाखवून गप्प केलं.

घरी पाऊल टाकताच त्यांनी बायकोला सांगितलं, "अगं, मी एक रेडिओ केंद्र शोधून काढलंय!"

"लाँड्रीच्या वरच्या खोलीतलं ना? मी दोन वर्षं ऐकतेय, शिवता शिवता."

"ऐकणं वेगळं आणि शोधून काढणं वेगळं," असं म्हणून कानसेन हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी ते त्या खोलीत हजर. खाली इस्त्रीची वाफ, वर भिंतभर तबकड्या. केंद्र चालवत होत्या एक निवृत्त टंकलेखिका. तबकड्या त्यांच्या दिवंगत भावाच्या.

"मला बोलायला जमत नाही हो," बाई संकोचून म्हणाल्या. "म्हणून नुसती गाणी लावते."

"तीच तर उणीव आहे! या गाण्यांतलं मर्म लोकांना कोण सांगणार? मी दोन शब्द बोलत जाईन. एक पैसा नको."

बाई जन्माच्या भिडस्त. त्यांनी मान हलवली, ती नाही म्हणायला की हो म्हणायला, हे बघायला कानसेन थांबलेच नाहीत.

सुरू झाला 'रसास्वाद', संध्याकाळी अर्धा तास. दोन शब्दांचे दोनशे झाले, आणि महिन्याभरात अर्ध्या तासाचे तीन तास. गाणं रंगात आलं की कानसेन सुई उचलत आणि गायिकेने आत्ता काय केलं, ते सांगत. मग स्वतः गाऊन दाखवत. तबकड्यांवर धूळ बसू लागली.

"अहो, आज गाणं लावायचं राहिलंच," बायको एकदा म्हणाली.

"आज पार्श्वभूमी झाली. घाई केली की रस उतरतो."

पुढे एकदा ती इस्त्रीचे कपडे आणायला गेली, तर बाई जिन्यात उभ्या. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाल्या, "ताई, रागावणार नसाल तर एक सांगते. परवापासून मी पहाटे पाच ते सात नुसती गाणी लावतेय. तुमच्या यांच्या कानावर जाऊ देऊ नका."

"आठशिवाय डोळा उघडत नाही त्यांचा. बिनधास्त लावा."

नवऱ्याला तिने सांगितलं नाही. बाकी कुणाला सांगायचं ठेवलं नाही. पहाटे पाचला गल्लीतल्या खिडक्या उजळू लागल्या. दिवसा दुकानात डोळे चुरचुरतात म्हणणाऱ्यांची रांग लागली. नंबर कुणाचाच बदललेला नव्हता. कानसेन खूश. "'रसास्वाद' डोळे मिटून ऐकायची सवय लागतेय लोकांना," ते जेवताना म्हणाले. बायको जांभई आवरत "हो ना" म्हणाली.

पण यशाने माणूस स्वस्थ बसत नाही. एका संध्याकाळी बायको खोलीवर डबा घेऊन आली, तेव्हा कानसेन बाईंना म्हणत होते, "लोकांची पहाट वाया जातेय. उद्यापासून पाचला मी येतो."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी कानसेनांच्या बायकोकडे पाहिलं.

"या की," बायको डबा ठेवत म्हणाली. "फक्त सकाळी तुमचा आवाज बसलेला असतो. तसा फाटका आवाज लोकांनी ऐकला तर चालेल ना तुम्हाला?"

कानसेनांनी गळ्याला हात लावला. मग गंभीरपणे म्हणाले, "नाही. श्रोत्यांवर असा अन्याय मी करणार नाही."

तेव्हापासून आवाजाची निगा म्हणून ते नऊपर्यंत झोपतात, कानात कापूस घालून.