पिकलेला समुद्र

दिवाळीनंतर गावात मंडई भरते, म्हणजे जत्राच; त्या मंडईच्या दिवशी घरची पोरगी घरी नसेल तर त्या दिवाळीला काही अर्थच नाही, असं कुंताबाईंचं ठाम मत. म्हणून त्यांची दामिनी लॅपटॉप बगलेत मारून मालवणहून थेट गावी, दिघोरीला हजर झाली होती आणि पाहुण्यांना चिवडा वाढता वाढता अरबी समुद्रात देवमासा शोधत होती. यात हसण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नव्हतं. बाकी सगळ्या गावाला वाटत होतं.

आता तिचं कामच तसं होतं, त्याला ती तरी काय करणार? मालवणच्या एका छोट्या संशोधन केंद्रात ती नोकरीला होती. पाणी कुठे गार, कुठे कोमट, कुठे शेवाळाने हिरवं, प्रवाह कुठून कुठे वाहतोय, अशी समुद्राची चित्रं उपग्रहावरून येत. ती चित्रं एकावर एक ठेवून निळा देवमासा आज कुठे असेल याचा अंदाज ती बांधायची. घराएवढं जनावर, पण खातं काय, तर बोटाच्या पेराएवढे कोळंबीसारखे जीव. पावसाळी वारा वरचं पाणी बाजूला सारतो, तळाचं गार, कसदार पाणी वर येतं, त्यावर हिरवं शेवाळ माजतं, शेवाळावर हे बारके जीव पोसतात आणि त्यांच्या मागे देवमासा येतो. वाऱ्याने कूस बदलली की देवमाशाचा पत्ता बदलला.

केंद्राच्या प्रमुख करुणा मॅडम सहा वर्षं बोटीतून हिंडत होत्या. पाण्यात सोडलेल्या माइकवर निळ्या देवमाशाचा आवाज त्यांनी दोनदा टिपला होता, पण डोळ्यांनी तो एकदाही दिसला नव्हता. नुसत्या आवाजावर कोणी किती दिवस पैसे देणार? या फेरीत दिसला नाही तर नव्या वर्षात केंद्राला कुलूप, असं वरून स्पष्ट कळवलं होतं. मॅडम बोटीवर होत्या, आणि बोट कुठे न्यायची हे दामिनीने ठरवलं होतं.

तिचे वडील ताराचंद. भला माणूस, पण पोटात काही राहील तर शपथ. पहाटेपासून चहाच्या टपरीवर, पानाच्या ठेल्यावर, शिंगाडे विकणाऱ्या बायांपाशी, जिथे उभा राहिला तिथे सांगत सुटला, की आपली दामिनी आज समुद्रातून देवमासा काढून दाखवते. त्यामुळे दुपारपर्यंत जो येई तो जिलेबीच्या आधी माशाची चौकशी करी. पवनीचे पाहुणे तर रस्सा करणार की तळणार इथवर पोहोचले होते. दामिनी सगळ्यांना हसून उत्तरं देत होती आणि हळूच विषय बदलून चिवडा वाढत होती.

कारण सकाळीच मॅडमचा फोन येऊन गेला होता. बोट दामिनीने सांगितलेल्या जागी पोहोचली होती. पाणी हिरवंगार होतं, चित्रात दिसलं त्याहून हिरवं. आणि त्यात काहीही नव्हतं. जाळी टाकून पाहिली, तर नुसता शेवाळाचा चोथा वर आला. मॅडम रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर दामिनीला बरं वाटलं असतं.

तिला आतून कळत होतं की काहीतरी चुकलंय. तिच्या स्वतःच्या गणिताने जागा दुसरीच दाखवली होती, पार वायव्येला. पण तीन आठवड्यांचे ढग परवा फाटले आणि नैऋत्येला हा हिरवा पट्टा असा काही उजळला, की तिने गणित बाजूला ठेवून दिलं. धानाच्या, म्हणजे भातशेतीच्या घरची पोर ती. रोपांची रोवणी झाल्यावर बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, हिरवी झाली की ताराचंद बांधावर उभा राहून हात जोडायचा, आणि हिरवं दिसलं की पोट भरणार हे ती चालायला लागल्यापासून शिकली होती. भाताशी संबंध नसलेली सोलापूरकडची कोणी असती तर कदाचित फसली नसती. दामिनी त्या हिरव्याला भुलली.

चिवड्याची परात आईच्या हाती देऊन ती तलावाच्या पाळीवर, मातीच्या उंच बांधावर गेली. गावात धड नेटवर्क मिळायचं ते तिथेच, मोहाच्या झाडाखाली. खाली मंडईत दंडारीचा नाच रंगात आला होता, ढोलकीचा आवाज वरपर्यंत येत होता. पलीकडे धानाच्या बांध्या पसरल्या होत्या, अर्ध्या पिवळ्या, अर्ध्या हिरव्या. लवकर येणारा हलका धान पिकला होता, उशिरा येणारा भारी धान अजून दूध भरत होता. आणि पिवळ्या बांध्यांवर पोपटांची नुसती धाड पडली होती. हिरव्या बांध्यांकडे एकही पोपट ढुंकून पाहत नव्हता.

दामिनी बघतच राहिली. मग स्वतःच्या कपाळावर तिने अशी काही चापट मारली, की बाजूला चरणारी बकरी दचकली.

हिरवं म्हणजे अजून कोणी खाल्लेलं नाही ते. शेवाळाचे बारके जीव व्हायला दोन-तीन आठवडे लागतात हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, लेखात छापलं होतं, नव्या पोरांना शिकवलं होतं. आजचं हिरवं पाहायचंच नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी हिरवं होतं ते पाणी आज कुठे आहे, हे पाहायचं होतं. ढगांच्या फटीतून मिळालेला तेव्हाच्या चित्राचा एक तुकडा तिच्यापाशी होता. पावसाळा सरला की किनाऱ्याचा प्रवाह उलटून उत्तरेकडे वाहू लागतो. तो पट्टा त्या प्रवाहाबरोबर सरकत, हिरवेपणा गमावत, पिकत पिकत वर गेला असणार, आणि समुद्राचा तळ जिथे एकदम खोल जातो त्या काठाशी जाऊन अडला असणार. गणित पहिल्यापासून हेच सांगत होतं. तिने मोहाखाली बसून सगळे आकडे पुन्हा घातले. जागा तीच आली.

तिने बोटीवरच्या सॅटेलाइट फोनवर मॅडमना गाठलं आणि काहीही न लपवता सांगितलं, की मी हिरव्याच्या नादी लागले, चूक माझी, बोट वायव्येला वळवा. डिझेल आणखी एका जागेपुरतं आणि परतण्यापुरतं आहे हे दोघींनाही माहीत होतं.

"दामिनी, हे तू घाबरून बोलतेयस की तुला खात्री आहे?"

"खात्री आहे, मॅडम. तिथे पाणी चित्रात फिकं दिसतंय. म्हणूनच खात्री आहे."

"बरं. वळवते," मॅडम म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मग वाट पाहणं आलं. दामिनीने कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण ताराचंद तिला शोधत पाळीवर आला आणि तिचं तोंड बघून शेजारीच बसला. तिने त्याला सगळं सांगितलं. केंद्र बंद पडेल हेही सांगितलं, जे तिने घरी आजवर लपवलं होतं. ताराचंदने गमछ्याने तोंड पुसलं.

"मले काहून नाही सांगतलं वो आधी? मी येड्यासारखा गावभर सांगून राहिलो." मग मोहाच्या बुंध्याला टेकून तो म्हणाला, "आता मी काही जात नाही खाली. इथंच बसतो तुह्यासंग."

तो खाली गेला नाही म्हणूनच घोटाळा झाला. ताराचंद दिसेना, पोरगी दिसेना, म्हणजे मासा आला असणार, अशी हाकाटी मंडईत उठली. आधी दोन पोरं पाळीवर चढली, मग पवनीचे पाहुणे, मग कुंताबाई परात घेऊनच, मग शिंगाडेवाल्या बाया. शेवटी खाली बघायला कोणी उरेना, तेव्हा दंडारीतले नाचे घुंगरू वाजवत आणि ढोलकीवाला ढोलकी गळ्यात घेऊनच वर आले. दामिनीने कपाळाला हात लावला. नापास व्हायचंच असेल तर एवढ्या लोकांसमोर कशाला, असं तिला वाटलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा फोन वाजला. तिने स्पीकर सुरू केला, कारण नसता केला तर लोकांनी तिला तिथेच गाडलं असतं.

पलीकडून आधी नुसता वारा ऐकू आला, बोटीवर कोणीतरी धावल्याचा आवाज आला. आणि मग एक आवाज आला, भातावरचं जडशीळ झाकण वाफेने उचललं जावं तसा, पण त्याहून कितीतरी मोठा आणि लांबलेला. पुन्हा तोच आवाज आला. आणि त्याच्या पाठोपाठ अगदी तसाच एक लहानसा, घाईचा.

"दोन आहेत," मॅडम म्हणाल्या. त्या सरळ रडत होत्या. "आई आणि पिल्लू. त्या बारक्या जिवांनी सगळं पाणी तांबूस झालंय. दामिनी, फोटो निघाले. बोटीच्या अगदी जवळ आहेत गं, श्वास घेतायत."

"श्वास घेऊन राहिला?" ताराचंदने विचारलं. दामिनीने मान डोलावली.

ताराचंद उठला, लोकांकडे वळला, काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला शब्द सुचेना. त्याने नुसते दोन्ही हात वर केले. आणि मग जो गलका उठला, ढोलकी कडाडली, घुंगरू वाजले, बायांनी शिंगाड्याच्या टोपल्या डोक्यावर धरून उड्या मारल्या, की बांध्यांवरचे सगळे पोपट एकदम उडाले.

"अगं, हे काय?" पलीकडून मॅडम ओरडून विचारत होत्या. "कोण आहे तिथे?"

दामिनीने फोन दोन्ही हातांत धरला आणि रडत, हसत सांगितलं, "दिघोरी आहे, मॅडम. सगळी दिघोरी आहे."