पालथ्या घमेल्यावरचा मान

सोमवारी सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये नमस्काराची नवी आवृत्ती लागू झाली. आधी हात मिळवायचा, मग कमरेत वाकायचं, मग नाकाला नाक लावायचं आणि शेवटी एका पायावर गिरकी घ्यायची. अकरा समाजांच्या रीती घुसळून मिलाप यंत्राने ती काढली होती. तळमजल्यावर सुरू झालेला नमस्कार चौथ्या मजल्यावर संपायचा, आणि ज्याला दुसऱ्यावर उतरायचं तो बिचारा गिरकीत अडकून वर जायचा. नोंदणीबाई सुजलेलं नाक रुमालाने दाबत खिडकी नंबर तीनवर येऊन बसली. लिफ्टवर ती चिडली नाही. सगळा राग तिने एकाच माणसासाठी राखून ठेवला होता.

तो माणूस म्हणजे मिलाप कार्यालयाचा प्रमुख. पाठीमागे सगळे त्याला मुद्दासाहेब म्हणायचे, कारण समोरच्याने तोंड उघडलं की मिनिटभरात हा हात वर करायचा, "मुद्दा कळला!" शहरातल्या सगळ्या भाषा आणि रीती मिसळून 'साझी' नावाचा एकच कारभार चालवायचा, हे त्याचं काम. प्रत्येकाच्या कानात एक यंत्र असायचं. लोक त्याला भुणभुण्या म्हणत. समोरचा कुठल्याही भाषेत बोलो, भुणभुण्या ते तुम्हाला साझीत ऐकवायचा. भाषा यादीत असली पाहिजे, एवढीच अट.

बाईच्या आत्याची भाषा गेल्या महिन्यात यादीतून उडाली. आईबापामागे बाईला या आत्यानेच वाढवलं होतं. ती भाषा बोलणारी आत्या आता एकटीच. बाईला सगळं समजायचं, पण बोलताना ती साझीत घसरायची, म्हणून तिला कुणी मोजलंच नाही. मुद्दासाहेबाने तीन दिवस आत्याला ऑफिसातल्या लाकडी खुर्चीवर बसवून तिच्या रीती टिपून घेतल्या, 'माझं संशोधन' म्हणून यंत्रात घातल्या, पदक मिळवलं आणि चौथ्या दिवशी भाषेपुढे शेरा मारला : 'अनावश्यक.' तेव्हापासून आत्या बोलली की लोकांच्या कानात भुणभुण्या सांगायचा, "आवाज. दुर्लक्ष करा." आत्या दवाखान्यात गेली आणि डावा गुडघा दुखतोय म्हणाली. डॉक्टरने आवाजाकडे दुर्लक्ष करून उजव्याला पट्टी बांधली.

"तू त्याच्याच ऑफिसात आहेस ना? मग तुझा उपयोग काय?" आत्या पाय स्टुलावर ठेवून म्हणाली.

"काय करू? त्याच्या खुर्चीत टाचणी ठेवू?"

"टाचणीने काय होतंय! पोरी, माझी बोली गेली. मी मेल्यावर गेली असती तर मला कळलं तरी नसतं. त्याने मला बसवून, डोळ्यांदेखत नेली. तो माणूस चारचौघांत रडलेला बघायचाय मला."

संधी स्वतःच्या पायाने चालत आली. शुक्रवारी अकरा शहरांचे पाहुणे येणार होते, साहेबाचा जाहीर सन्मान होणार होता, आणि त्यासाठी त्याला कुणी न पाहिलेली, जुनी, भारदस्त रीत हवी होती. मंगळवारी दुपारी तो फळांची पिशवी घेऊन बाईच्या घरी हजर.

"आत्याबाईंना विचारा, त्यांच्याकडे एखाद्याला सगळ्यांसमोर मधोमध बसवायची काही रीत आहे का?"

बाईने विचारलं. आत्याने डोळे बारीक केले. बराच वेळ तिने फळांकडे पाहिलं, मग साहेबाकडे.

"आहे की. सांग त्याला."

आत्या सांगत गेली, बाई साझीत करत गेली. "एका माणसाला पालथ्या घमेल्यावर बसवतात. अख्खी वस्ती भोवती गोल उभी राहते. मग एकेक जण पुढे येऊन त्याच्याविषयी मनापासून बोलतो..."

"वा! मुद्दा कळला!" साहेब उठलाच. "घमेल्याला मखमल लावू."

"साहेब, अजून संपलं नाही. आत्या म्हणतेय, शेवटपर्यंत ऐका."

"अहो, कळलं! तुम्ही नोंद करून टाका, मी अंगठा देतो."

दार बंद झालं. आत्याने पिशवीतलं एक फळ काढलं आणि शांतपणे सोलायला घेतलं. "उरलेलं कुणाला सांगू?"

"मला सांग," बाई म्हणाली आणि नोंदवही उघडली. अर्धवट नोंद करणाऱ्याची नोकरी जाते, असा नियम खुद्द साहेबानेच काढलेला. बाईने नियम काटेकोर पाळला. एक अक्षर खोटं लिहिलं नाही, एक गाळलं नाही. बुधवारी साहेबाने पान न उघडता अंगठा दिला.

शुक्रवारी सकाळी सभागृह गच्च भरलं. साहेब मखमली घमेल्यावर बसला. घमेलं जरा डुगडुगत होतं, पण चेहरा फोटोसाठी तयार होता. आत्याला बाईने पहिल्या रांगेत बसवलं. सगळ्यांच्या कानात भुणभुण्या विधी वाचू लागला, अगदी नोंदीबरहुकूम :

"दुसऱ्याची वस्तू चोरणाऱ्याचा विधी. चोर बसला आहे. प्रत्येकाने पुढे येऊन त्याचा एक खरा दोष सांगावा. चोराने दरवेळी 'खरं आहे' म्हणावं."

साहेब ताडकन अर्धा उठला आणि तसाच थांबला. कारण दुसरा नियमही त्याचाच होता : नोंदीतला विधी अर्धवट सोडला तर पद जातं. मागच्या वर्षी असाच एक विधी चालू असताना एक म्हातारा पहारेकरी लघवीला उठला, तर याने त्याला त्याच दिवशी घरी बसवलं होतं. तो पहारेकरी आज खास आमंत्रण असल्यासारखा रांगेत पहिला उभा होता.

"तुम्हाला माणसाची लघवी कळत नाही," तो म्हणाला.

"खरं आहे," साहेब पुटपुटला.

"मोठ्याने!" मागून कुणीतरी ओरडलं.

उपप्रमुख आला. "माझे अहवाल तुम्ही वाचत नाही. चौदाव्या पानावर मी दरवेळी माझ्या मांजराची गोष्ट लिहितो. आजवर पकडलं नाहीत."

"ख... खरं आहे."

ड्रायव्हर आला. "मी बोलतो तेव्हा तुम्ही आरशात माझ्याकडे नाही, स्वतःच्या केसांकडे बघता." मग साहेबाच्या सासूबाई आल्या आणि यंत्रालाच विचारू लागल्या, "एकच दोष? सक्ती आहे का हो?" दुसऱ्या शहरातल्या एका पाहुणीने हळूच विचारलं, "आमची ओळख नाही, पण रांगेत उभं राहिलं तर चालेल ना?"

दुपार झाली. साहेबाच्या पायांना मुंग्या आल्या, केस विस्कटले, आणि एकशे तेराव्या 'खरं आहे'ला तो खरोखर रडला. आत्याने ते डोळे भरून पाहिलं.

"हे संपतं कसं?" त्याने केविलवाण्या आवाजात बाईला विचारलं.

"तेच तर सांगत होते त्या दिवशी, साहेब. ज्याची वस्तू चोरली त्याने 'पुरे' म्हणायचं. स्वतःच्या बोलीत."

सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या. आत्या उठली, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात काहीतरी म्हणाली.

"आवाज. दुर्लक्ष करा," भुणभुण्या म्हणाला.

साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला. बाईने यादीचा फलक आधीच आणून ठेवला होता. तिने तो त्याच्या मांडीवर ठेवला. "इथे अंगठा द्या. भाषा यादीत परत. आणि इथे, संशोधन कुणाचं, तिथे आत्याचं नाव."

त्याने दोन्हीकडे अंगठा दिला. घाईत इतका जोरात, की घमेलं कलंडता कलंडता वाचलं.

"आता म्हणा, आत्याबाई! हात जोडतो!"

आत्या म्हणाली. या खेपेला अकरा शहरांच्या कानांना तिचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला :

"मघाशी मी फक्त पाणी मागितलं होतं. माझी पाळी अजून यायचीय. आणि मला एक दोष सांगायला तीन दिवस लागतात, हे त्याला माहीत आहे."

बाईने आत्यासाठी तीच लाकडी खुर्ची ओढली आणि ती घमेल्यासमोर नीट लावून दिली.