गुणाजीचा राक्षस

डिलाईल रोडच्या चाळीतला गुणाजी राक्षसाचे भिकार सिनेमे बघून यायचा आणि घरी बायकोला, मालनला, सगळी गोष्ट गोधडी पांघरून करून दाखवायचा. शेवटी शिपाई गोळ्या झाडायचे, पण एकही लागायची नाही, आणि राक्षस आपला सुखरूप समुद्रात परत जायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गुणाजी गोळी लागून गेला.

पुढे त्यातलाच एक सिनेमा पुन्हा लागला, तेव्हा शेजारची रखमा मालनला बळेच घेऊन गेली. पडद्यावर पहिल्याच गोळीला राक्षस कोसळला. मालन हुंदके देऊ लागली.

"रडतंस काय गो? सोंग घेतलेला माणूस तो," रखमा म्हणाली.

"गोळ्या लागत नाहीत, हे म्हणाले होते," मालन म्हणाली. "म्हणून तर जाऊ दिलं मी."