सांडपाणी क्रमांक एक

प्रयोगशाळेत तिला सगळे खुडूक म्हणत. अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीसारखी ती दिवसभर उबेच्या कपाटापाशी, आणि कुणी दाराला हात लावला की अंगावर यायची. राखायची काय, तर एक वाटी. केसाळ पायांच्या एका जातीची शेवटची कोंबडी महिन्यापूर्वी मेली. तिच्या शेवटच्या अंड्यातला अडीच दिवसांचा गर्भ, त्याच्या रक्ताचा थेंब आणि थेंबातल्या बीजपेशी, एवढंच मागे उरलं होतं, वाटीतल्या गुलाबी खाद्यपाण्यात. त्या जगल्या तर दुसऱ्या कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात सोडून ती जात परत आणता येणार होती. मेल्या तर संपलंच.

"कोंबडी नाही, अंडं नाही. पगार कशाचा घेतेस गं?" सासू विचारायची.

"पाण्याचा, आई."

वाटीशी मात्र ती गुणगुणायची:

ना चोच, ना पीस, ना पायाला नखी,
थेंबभर पाण्यात अख्खी जात सुखी.

मोठे पाहुणे यायचे त्या दिवशी साहेब सकाळीच आले. "पाणी पिवळं का?"

"पेशी वाढल्यात, साहेब. जेवल्यावर ताट खरकटं होणारच."

"पाहुण्यांना खरकटं दाखवायचं? ओता. ताजं गुलाबी भरा."

"या बुडाला चिकटत नाहीत, साहेब. पाण्यातच तरंगतात. पाणी गेलं की त्याही जातील."

"चिकटत नाहीत म्हणजे? मी तीस वर्षं चिकटून आहे इथं." आणि साहेबांनी वाटी स्वतःच उचलली.

साहेबांपुढे शहाणपण चालत नाही. तिनं निर्जंतुक बाटली पुढे धरली. "यात ओता. मोरी तुंबलीय."

पाहुण्यांनी सूक्ष्मदर्शकातून नुसतं गुलाबी पाणी पाहिलं. "वा. चोची काय स्पष्ट दिसतात."

"तुरेसुद्धा," साहेब म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पलीकडच्या खोलीत तिनं बाटली यंत्रात गरगर फिरवली. तळाशी खसखशीएवढा पांढरा ठिपका बसला. नवं खाद्य, नवी वाटी. भिंगाखाली पाहिलं, गोल, गुबगुबीत, जिवंत.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला: पाहुण्यांची वाटी कायम जपावी, वाढीचा अहवाल दर आठवड्याला द्यावा.

"आणि ही दुसरी कसली?" साहेबांनी विचारलं.

"सांडपाणी, साहेब. तपासून मगच टाकायचं, असा नियम आहे."

नियम म्हटल्यावर साहेबांनी सही केली.

तेव्हापासून रिकाम्या वाटीची वाढ समाधानकारक आहे, आणि सांडपाण्याच्या चार वाट्या झाल्यात.

"आज काय झालं गं तुझ्या पाण्याचं?" सासूनं विचारलं.

"पिवळं पडलं, आई."

"म्हणजे?"

"म्हणजे जेवल्या."